फितीतला मंकड आणि फितीबाहेरचे बाळू

आंबिवलीच्या माझ्या खोलीवर चार विद्यार्थी आणि मी मोबाईलवर १९५२ च्या जूनमधल्या लॉर्ड्स कसोटीची जुनी वृत्तफीत पाहत होतो. काही मिनिटांचीच. विनू मंकडने या सामन्यात ७२ आणि १८४ धावा काढल्या. इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. तरी भारत ८ गडी राखून हरवला गेला. जिंकणाऱ्यांनीही ज्याला 'मंकडची कसोटी' म्हणावे असा हा पराभव. ती डावखुरी फिरकी पाहून मीही हरखलो, ते लपवत नाही.

परंतु वृत्तफीतही संहितेसारखी वाचावी लागते. याच मालिकेत लेन हटन हा व्यावसायिक खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला. विसाव्या शतकात तसे प्रथमच घडत होते. हौशी 'जंटलमन' आणि पोटासाठी खेळणारा 'प्लेअर' हा भेद तिथे १९६२ पर्यंत टिकला. आमचे क्रिकेटलेखक हा वर्गभेद चवीने सांगतात. आपल्या मैदानावरच्या जातीविषयी लिहिताना त्यांची लेखणी आखडते.

एका विद्यार्थ्याने फीत थांबवून विचारले, "सर, ही खेळपट्टी लाटली कोणी?"

मग पळवणकर बाळूंची गोष्ट सांगावी लागली. चांभार समाजातले बाळू पुण्यात मैदानाची निगा राखता राखता गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. मंकड लॉर्ड्सवर खेळत होता तेव्हा बाळू हयात होते. ते १९५५ साली वारले.

आणि आपण? १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. त्यांची ती भूमिका मला मान्य नाही. पण तेवढ्यासाठी त्यांचा खेळही आपल्या व्याख्यानांतून वगळायचा, हेही मान्य नाही. माझ्या वर्गात त्यांचे नाव याआधी मी एकदाही घेतले नव्हते.