लिंगोबाची बाजू घेणारा दुर्गवेडा

पनवेल मागं टाकून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. गडकऱ्यांच्या लेखी तो किल्ला, पक्षी पाहणाऱ्यांच्या लेखी १९६८ पासूनचं अभयारण्य. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतल्या ठाकरांना मात्र तो लिंगोबाचा डोंगर. १९६५ साली, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हा, 'जैत रे जैत' लिहिताना गोनीदांनी बाजू घेतली ती ठाकरांची.

याचं नवल अशासाठी, की हा माणूस किल्ल्यांनी झपाटलेला. १९१६ साली परतवाड्याला जन्म, कोवळ्या वयात घर सोडलेलं, गाडगेमहाराजांचा सहवास, नर्मदा परिक्रमा, आणि पुढं तळेगावात बिऱ्हाड करून सह्याद्री पालथा घातलेला. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून गडाची वाट धरलेले लोक घराघरांत सापडतील. त्या लेखनातला गहिवर मला कधीकधी जड होतो, हेही सांगून टाकतो. शिवरायांचं नाव निघालं की गोनीदांचं वाक्य आरती ओवाळू लागतं.

'जैत रे जैत'मध्ये ती आरती नाही. इतिहास पायथ्याशीच थांबतो. वर चढतो तो नाग्या, भगताचा पोर, ढोलावर जीव असलेला. पुण्यवंताला राणीमाशी दर्शन देते, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. म्हणून तो नेमानं वागतो, आणि तीच माशी त्याच्या डोळ्याला डसते. डोळा जातो. एखाद्या सुधारकी लेखकानं इथं अंधश्रद्धेवर दोन पानं खर्ची घातली असती. गोनीदा नाग्याला फक्त संतापू देतात. देवाशी असलेलं भांडण आता वादाचं राहत नाही, ते कड्यावरच्या पोळ्यांशी जाऊन भिडतं.

भटक्याची खरी कमाई इथं कळते. आग्यामाशी ढोलीत घर करत नाही. कड्याच्या पोटाखाली, उघड्या हवेत, एकेक भलंथोरलं पोळं लोंबत ठेवते. तिथवर पोचायचं तर दोर हवा, धूर हवा, आणि खाली उभं राहणारं भरवशाचं माणूस हवं. म्हणजे नाग्याच्या सुडालाच चिंधीची गरज आहे. नको असलेला नवरा टाकून आलेली, तोंडाची तिखट ही बाई कथेत निव्वळ प्रेमापायी येत नाही, कड्याच्या निकडीपायीही येते. प्रवासवर्णनात जो कातळ नुसता वर्णनाचा विषय झाला असता, तो इथं माणसांची नाती ठरवतो. नाग्या जिंकतो, पण चिंधीला गमावून. तिथंही लेखक हुंदका काढत नाही. माझ्या मते त्याला आवरलंय ते ठाकरी बोलीनं. आखूड, ठसक्याच्या त्या बोलण्यात गहिवराला जागाच उरत नाही.

१९७७ साली जब्बार पटेलांनी त्यावर चित्रपट केला. महानोरांची गाणी आणि हृदयनाथांचं संगीत इतकं गाजलं, की आता कादंबरी उघडणारा बहुधा चाली गुणगुणतच आत शिरतो. त्या जरा बाजूला ठेवता आल्या तर पाहावं. संवादांना स्वतःचा ठेका आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'स्मरणगाथे'ला, आणि ते रास्तच झालं. तरी गोनीदा न वाचलेल्या तरुण भटक्याच्या हाती मी आधी हीच कादंबरी देईन, दुर्गांची पुस्तकं नंतर.