आहेराची वही आणि लग्नाचा पुरावा

गेल्या चैत्रात आमच्या मागच्या गल्लीतले एक शेतकरी गृहस्थ निळ्या प्लॅस्टिकची फाईल घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला दोन वर्षे होत आली होती. जावई परदेशात, मुलगी अजून यवतमाळातच. तिला तिकडे नेण्यासाठी जावयाने केलेल्या अर्जावर तिथल्या कचेरीचे पत्र आले होते. दिलेल्या कागदांवरून हे लग्न खरे असल्याची खात्री पटत नाही, अधिक पुरावा द्यावा, असा त्याचा मथितार्थ. मी तो मराठीत सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाऊ, चारशे पान उठलं आपल्या दारात. तुम्ही सोता होते. आता लग्न झालं हे अजून कोनाले सांगू?"

पुरावा हा शब्द आमच्या जिल्ह्याला नवा नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर १ लाख रुपयांच्या मदतीसाठी त्याच्या विधवेला जमिनीचा उतारा, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सगळे दाखवावे लागते; मग प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. मरण खरे होते हे कागदाने सिद्ध करायची सवय इथल्या घरांना आहे. लग्न खरे आहे हे सिद्ध करण्याची मात्र नव्हती.

माझ्याकडे ते आले त्याला कारण होते. एका जिनिंगमध्ये कारकुनी करता करता मी पंचवीसेक वर्षे लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या जमवत आलो आहे. शिक्षण बारावीपर्यंतचे, बाकी जे काही वाचले ते नगर वाचनालयात आणि स्वतःच्या हिमतीवर. जुने कागद जमवणारा माणूस कागदांचे काहीतरी करू शकेल, असा त्यांचा भाबडा हिशेब. तो पुरता चुकीचा नव्हता, पण मी ती फाईल वाचायला घेतली ती मदतनीस म्हणून नव्हे, वाचक म्हणून. आणि वाचक म्हणून माझे मत असे झाले की ती फाईल वाईट साहित्य होती.

एका एजंटाने ती रचली होती. पहिल्या पानावर दोघांच्या नात्याची हकिगत: कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात प्रथमदर्शनी मने जुळली, साक्षगंधापासून एकही दिवस बोलल्याविना गेला नाही, दोघांच्या आवडीनिवडी एकच. पुढे चाळीस रंगीत फोटो, बहुतेक एकाच दिवसाचे, सगळ्यांत दोघे समोर पाहून हसणारी. शेजाऱ्यांची तीन प्रतिज्ञापत्रे, तिन्हींत शब्दन् शब्द एक, फक्त सही वेगळी. या हकिगतीत काही खोटे नव्हते असे नाही, पण तिचा खरा दोष तो नाही. तिच्यात माणसेच नव्हती. जुन्या मराठी कादंबऱ्यांतली सद्गुणी जोडपी जशी प्रकरणामागून प्रकरण निर्दोष राहतात तशी ही दोघे होती. अधिकाऱ्याला शंका आली यात मला नवल वाटले नाही. मलाही आली असती, आणि मी तर मांडवात हजर होतो.

मुळात 'खरे लग्न' म्हणजे काय? या प्रश्नाला कायद्याने दोन निराळ्या दिशांनी उत्तरे दिली आहेत. एक दिशा विधीकडे पाहते. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतातल्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न तिथल्या कायद्याच्या लेखी लग्न नव्हे. प्रश्न उठला होता तो हिंदुस्थानातून नवऱ्याकडे निघालेल्या बाई मरियम या स्त्रीला देशात उतरू द्यायचे की नाही यावरून. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर पत्नीच्या इमिग्रेशनचाच खटला. एका निकालाने हजारो बायका कायद्याच्या दृष्टीने बायका उरल्या नाहीत. गोखले तिथला दौरा करून परतल्याला जेमतेम चार महिने झाले होते. त्या सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या, त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि १९१४ च्या कायद्याने एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. गांधीजींनी हे सारे आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदवले आहे. आमच्या शेजारच्या सेवाग्रामात ते पुस्तक मी विकत घेतले तेव्हा हा भाग भराभर उलटून पुढे गेलो होतो. आता थांबून वाचला.

आपल्याकडचे न्यायालयही विधीपाशीच थांबते. भाऊराव शंकर लोखंडे यांचा १९६५ चा सर्वोच्च न्यायालयातला निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पहिली बायको असताना १९६२ मध्ये त्यांनी गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले असा खटला होता. हार घातले गेले, कपाळाला कपाळ लावले गेले; पण होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, तसा रिवाज असल्याचेही नाही. सबब ते लग्नच नाही, आणि लग्नच नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. २०२४ मध्ये दोन वैमानिकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की विधीच झाला नसेल तर नोंदणीचा दाखला म्हणजे लग्न नव्हे; आणि जाता जाता हेही नमूद केले की परदेशाच्या व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून लोक आधी कागद करून ठेवतात. सप्तपदीवर इतका भर वाचला की मला आमच्या भागातली बौद्ध, कोलाम, बंजारा लग्ने आठवतात. कायदा रिवाजाला जागा देतो हे खरे, पण तो रिवाज पुन्हा सिद्ध करायला हवाच.

दुसरी दिशा विधीनंतरच्या संसाराकडे पाहते. अमेरिकेपुरते बोलायचे तर तिथे दाखला मिळाला की काम संपत नाही, सुरू होते: एकत्र मालमत्ता, एकत्र भाडेपट्टा, एकत्र खाते, मुलांचे जन्मदाखले, आणि स्वतःला माहीत असलेले सांगणाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रे. प्रतिज्ञापत्रात ही माहिती तुम्हाला कशी मिळाली तेही लिहायचे असते. ही अट मला फार आवडली. आपल्या समीक्षकांनाही ती लागू करावी असे वाटून गेले. आता यातले काय आमच्या या मुलीकडे असणार? घर सासऱ्यांच्या नावे, शेत आजोबांच्या नावे, खाते तिचे एकटीचे. जिथे नवराबायको राहायलाच एकत्र येऊ शकत नाहीत, कारण परवाना नाही, तिथे परवान्यासाठी एकत्र राहिल्याचा पुरावा मागायचा, अशी ही गाठ आहे.

म्हणून मी घरातून तिच्या लग्नाची आहेराची वही मागवली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून एक विश्वासाचा माणूस बसतो आणि कोणी काय दिले ते लिहीत जातो. नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. ५१, १०१, ५०१, स्टीलचा डबा, पँट-शर्टाचे कापड. ही वही कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नसते. ती परतफेडीसाठी असते. त्यांच्या घरी कार्य निघाले की पान उघडून पाहायचे. त्यामुळे तिच्यात अलंकार नाही आणि खोटे लिहिण्यात कोणाचा फायदा नाही. पत्रिकेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असते, वहीत श्रीकृपेला जागा नसते. नावांच्या घोळाचा उलगडाही तिथेच झाला. मुलीचे पासपोर्टवरचे नाव एक, पत्रिकेवर छापलेले घरचे लाडके नाव दुसरे, आणि सासरी तांदळात अंगठीने लिहिलेले तिसरे. कचेरीच्या पत्रात या तफावतीचाही आक्षेप होता. वहीच्या पहिल्या पानावर वधूचे शाळेतले नाव आणि त्याखाली कंसात घरचे नाव लिहिलेले होते. अक्षर माझे होते. त्या दिवशी टेबलावर मीच बसलो होतो, हे मी साफ विसरलो होतो.

मी खुश झालो, पण ती खुशी दोन दिवस टिकली. आपल्या संग्रहावर माणसाचे प्रेम असते, म्हणून तिसऱ्या दिवशी वही पुन्हा वाचली. तिच्यात जवळपास सगळी नावे पुरुषांची. आणि मुख्य म्हणजे हे लग्न चारशे लोकांना मान्य होते एवढेच ती सांगते; त्या दोघांना मान्य होते का, हे नाही. मनाविरुद्ध लावलेल्या लग्नाची वहीसुद्धा अशीच भरलेली असते. माझ्या संग्रहात एक तशी आहे. त्या मुलीचे पुढे काय झाले ते गावाला माहीत आहे.

मग मी मुलीलाच बोलावले. ती नर्सिंग शिकते. कचेरीच्या पत्रात खरा आक्षेप वेगळाच होता, जो एजंटाने वडिलांना सांगितला नव्हता: 'रोज बोलतो' असे हकिगतीत म्हटले आहे, आणि जोडलेल्या फोनच्या नोंदींत मात्र अडीच महिने एकही फोन नाही. मी विचारले. ती आधी खाली पाहत राहिली. मग सांगितले. शेवटचे वर्ष पूर्ण करूनच येईन असे ती म्हणाली, त्याने तिकडे सगळी तयारी केलेली. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणे बंद झाले. पुढे उमरखेडला त्याची आजी वारली. तेरवीला ही कोणी न बोलावता एकटी बसने गेली, दोन दिवस राबली. त्याला चुलतभावाने पाठवलेल्या फोटोत ती मागे पंगतीत वाढताना दिसली, आणि त्या रात्री त्याचा फोन आला. परीक्षा दे, मग ये, म्हणाला. तेरवीचा फोटो अशुभ म्हणून फाईलमधून काढून टाकलेला. मी म्हटले, हे लिही. ती म्हणाली, "काका, भांडण काय पुरावा असते?"

तिला उत्तर देण्यासाठी मी कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढले. लक्ष्मीबाई टिळकांचा संसार आजच्या एखाद्या अधिकाऱ्यापुढे ठेवून पाहावा. नारायण वामन टिळक वरचेवर घर सोडून जात. नागपूर, राजनांदगाव, मुंबई. हाती पैसा टिकत नसे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची सुमारे पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली, धर्मही वेगळे. एकत्र निवास नाही, एकत्र मालमत्ता नाही. फाईल म्हणून हे प्रकरण पहिल्याच टेबलावर नामंजूर व्हावे. आणि तरी १९३४ पासून भागाभागाने निघालेले ते पुस्तक वाचून हे लग्न खोटे होते असे म्हणणारा वाचक मला भेटलेला नाही. याचे कारण लक्ष्मीबाई काहीही सिद्ध करायला बसलेल्या नाहीत. नवऱ्याचा संताप, स्वतःचा हट्ट, दोघांची फजिती त्या सारख्याच मोकळेपणाने सांगतात. जिथे दुसऱ्या कोणी झाकले असते तिथे त्यांचे लेखन सर्वांत भरवशाचे होते.

याच्या शेजारी रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या 'आठवणी' ठेवल्या तर माझे म्हणणे स्पष्ट होईल, जरी त्यावर काही वाचक रागावतील. ते पुस्तक थोर आहे. घरातल्या बायकांचा जाच सोसून एक मुलगी कशी शिकली हे त्यात आहे. पण जिथे पती येतात तिथे त्यात आदराचा एक पडदा येतो. एकतिसाव्या वर्षी, विधवाविवाहाचा पुरस्कार करूनही, वडिलांच्या आग्रहापुढे अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलेल्या माणसाबरोबर त्या मुलीला काय वाटले असेल, हे पडद्याआड राहते. प्रतिज्ञापत्र म्हणून रमाबाईंचे पुस्तक सरस. साक्ष म्हणून मी लक्ष्मीबाईंकडे जाईन.

यात केवळ साहित्याची आवडनिवड नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयापुढे बार्क नावाच्या माणसाचे प्रकरण आले होते. नवराबायको भांडून वेगळी झाली, म्हणून लग्न खोटे ठरवले गेले होते. न्यायालयाने सांगितले की प्रश्न एवढाच आहे: लग्न करताना एकत्र आयुष्य उभारायचा दोघांचा हेतू होता का? आणि परक्या माणसाकडून देशातल्या नागरिकांपेक्षा अधिक रीतसर किंवा अधिक यशस्वी संसाराची अपेक्षा करता येत नाही. हे मी मुलीला वाचून दाखवले. तिच्या वडिलांना 'अधिक यशस्वी' हा भाग फार पटला. "आमचं बी कोनतं यशस्वी हाये," असे ते बायकोकडे न पाहता म्हणाले.

नवी हकिगत मुलीने स्वतः लिहिली. दीड पान. अडीच महिन्यांचा अबोला तारखांसह, त्याचे कारण, बसचा प्रवास, तेरवी, आणि नंतरचा फोन. मला दोन वाक्ये बदलाविशी वाटली, बदलली नाहीत. तेरवीचा फोटो परत आला. त्यात ती पाठमोरी आहे, हातात भाजीची बादली, चेहरा अर्धाच दिसतो. वहीच्या पहिल्या पानाची आणि सासरच्या गावांच्या दोन पानांची प्रत भाषांतरासह जोडली. वडिलांचा जीव चाळीस रंगीत फोटोंत अडकला होता, म्हणून त्यांतले सहा ठेवले. माझे प्रतिज्ञापत्र मी नव्याने लिहिले. ही माहिती कशी मिळाली या रकान्यात, मी त्या दिवशी आहेराच्या टेबलावर बसून हे पान लिहिले, एवढेच.

कागद आषाढात गेले. अजून उत्तर नाही. वही मी माझ्या संग्रहासाठी मागणार होतो, पण त्याआधीच ते गृहस्थ ती न्यायला आले. रविवारी दारव्ह्याला लग्न होते, आणि त्या घरचे किती आले होते ते पाहायचे होते.