नंदूचा झोका

संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ (१९९१) आजही शाळेत दाखवावा असा आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू कुठेही टिंगलीचा विषय होत नाही. सुलभा देशपांडे यांची आई तर आम्हाला नंदूहूनही मोठी वाटते. एक गोष्ट मात्र खटकते. नंदू लहानपणी झोक्यावरून पडला, मेंदूला इजा झाली; प्रेक्षकाला कारण मिळाले. नंदू स्वमग्न नव्हे, पण हाच हिशेब लोक स्वमग्न मुलालाही लावतात. पुण्यात काय नि पुलगावलगतच्या नाचणगावात काय, मूल हाकेला ओ देईना की प्रश्न तयार: पडले होते का? आईचे लक्ष नव्हते का?

स्वमग्नतेत असा झोका नसतो. मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच वेगळी होत जाते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची वर्णने लिहिताना पालकांच्या कोरडेपणाचीही नोंद केली, आणि पुढे दोष आयांच्या माथी बसला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली तो खोडून काढला. तो स्वतः अशा मुलाचा बाप होता!

चित्रपट संपल्यावर वर्गात एवढेच विचारून पाहा: नंदू पडलाच नसता आणि तरीही असाच असता, तर शेजारी त्याच्या आईला काय म्हणाले असते?