लोकरीचा ससा: कौतुक आणि पारख



समीक्षा हा शब्द आपण कविता, कादंबरी, नाटक आणि फार तर सिनेमा यांच्यासाठी राखून ठेवला आहे. लोकरीच्या सशाची समीक्षा करायची म्हटलं की लोकांना हसू येतं. आज मला तेच करायचं आहे. आपल्या कर्जत-खालापूरकडेही आता घरोघरी बायका मुलांसाठी क्रोशाच्या सुईनं ससे, हत्ती, अस्वलं, ऑक्टोपस विणतात. त्यांच्याकडे एक कृती म्हणून बघायचं. त्यात चांगलं कशाला म्हणायचं, फसलेलं कशाला म्हणायचं आणि मुळात हे ठरवायची गरज काय, असे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर आधीच सांगून टाकते. ज्या वस्तूची आपण पारख करत नाही, तिची आपण किंमतही करत नाही. 'अय्या, किती गोड!' एवढं म्हणून जे काम आपण बाजूला ठेवतो, तेच काम फुकट मागायला आपल्याला संकोच वाटत नाही.

आधी वस्तू नीट पाहू. या खेळण्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. शब्द जपानी आहे. 'अमि' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घालून शिवलेलं खेळणं, या दोहोंचा तो जोड. क्रोशा आपल्या घरांना नवा नाही. तोरणं, टेबलावरचे रुमाल, बाळाची टोपडी हे सगळं आपल्या आया-आज्यांनी विणलेलं आहे. पण ते काम बहुतेक सपाट होतं. नव्या कामात क्रोशा सपाटपणा सोडून गोल झाला, फुगला, प्राणी झाला.

हे होतं कसं? इथे टाका जवळजवळ एकच, आपल्याकडे ज्याला 'मुका खांब' म्हणतात तो. सुरुवातीला एका कडीत सहा टाके. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. दर फेरीला सहाच का वाढवायचे? कारण मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परीघ दोन पाय, म्हणजे सहापेक्षा थोडा जास्त टाके वाढतो. म्हणून सहा वाढवले की सपाट चकती होते. वाढवणं थांबवलं की वाटी होते. कमी करत नेलं की चेंडू मिटतो. आणि सहापेक्षा बरेच जास्त वाढवत राहिलं तर झालर पडते. या झालरीचा उपयोग करून कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती दाइना ताइमिना यांनी 1997 मध्ये क्रोशानं अतिपरवलयी भूमितीचे नमुने विणले. विद्यार्थ्यांना ती भूमिती हातात धरून बघता येऊ लागली.

आता सशाच्या डोक्याचा हिशेब करा. सहापासून छत्तीसपर्यंत वाढवत नेलं की 126 टाके होतात. मग छत्तीसच्या सहा सरळ फेऱ्या, म्हणजे 216. पुन्हा तीसपासून सहापर्यंत उतरायचं, ते 90. एकूण 432 टाके, आणि हे फक्त डोकं. धड, चार पाय आणि दोन कान अजून बाकीच आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट या कामाच्या रचनेतच आहे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी अख्खी ओळ सुईवर उभी असते. सुई निसटली की टाके गळतात. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. काम मध्येच ठेवायचं असेल तर तो फास जरा मोठा ओढायचा, फेरी कुठे सुरू झाली तिथे खुणेची पिन अडकवायची आणि उठायचं. कुकरची शिट्टी झाली, मूल रडलं, दाराची बेल वाजली, तरी काम मोडत नाही. त्यात प्राणी सुट्या भागांनी होतो. एक कान पिशवीच्या कोपऱ्यात मावतो. कर्जतहून मुंबईला जायला लोकलनं दोन तासांच्या आसपास लागतात, खोपोलीहून त्याहून जास्त. बायकांच्या डब्यात भाजी निवडणं चालतं, पोथी वाचणं चालतं, तसंच सशाचा एक पाय बदलापूर येईपर्यंत पुरा करणंही चालतं. ज्यांना सलग वेळ मिळत नाही, त्यांच्या वेळेला साजेल असा हा प्रकार आहे. पण वेळ तुकड्या-तुकड्यांनी गेला म्हणून तो गेलाच नाही, असं नव्हे. आपण मात्र तसंच धरून चालतो.

आता तत्त्वज्ञानाकडे वळते. आर. जी. कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञानं 1938 मधल्या आपल्या ग्रंथात कारागिरी आणि कला यांच्यात एक भेद केला. कारागिराला काय घडवायचं हे आधीच नक्की ठाऊक असतं. आराखडा आधी, करणी नंतर. कलावंताला मात्र आपल्याला काय म्हणायचं होतं ते म्हणून झाल्यावरच कळतं. या मापानं आपला ससा शंभर टक्के कारागिरी ठरतो. नमुना दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, टाके मोजलेले, डोळे कितव्या फेरीत बसवायचे तेही ठरलेलं. मग इथे समीक्षेला जागा कुठे?

जागा आहे. एकाच नमुन्यावरून पाच जणींनी विणलेले पाच ससे शेजारी ठेवा. एक भित्रा दिसतो, एक आळशी, एक जरा आगाऊ. नमुना सारखा, आकडे सारखे. फरक पडतो तो हाताच्या ताणामुळे, भरण कुठे ठासलं आणि कुठे सैल ठेवलं त्यामुळे, आणि डोळा एका टाक्यानं वर गेला की खाली त्यामुळे. आराखडा पुरा झाल्यावरही जे ठरायचं शिल्लक राहतं, ते हाताला आणि नजरेला ठरवावं लागतं. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर उभा केला. ती भाषा इथे चक्क उपयोगी पडते. गोल डोक्याला लांब कानांचा विरोध हवा, पण कानांच्या वजनानं डोकं मागे कलंडलं तर समतोल गेला.

मग लोक म्हणतील, एवढं कशाला? दिसायला गोंडस असलं की झालं. इथे मला जरा सावध करायचं आहे. 'गोंडस' ही फार स्वस्तात मिळणारी गोष्ट आहे. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकानं 1943 मध्ये दाखवलं, की मोठं डोकं, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय ही लक्षणं दिसली की माणसाच्या मनात बाळाबद्दलची माया जागी होते. अमिगुरुमीचे बहुतेक नमुने नेमके याच मापावर बेतलेले असतात. धडापेक्षा डोकं मोठं, डोळे खाली आणि लांब-लांब. म्हणजे ससा बघून आपण विरघळलो, यात विणणारीचं श्रेय थोडं आणि आपल्या स्वभावाचं जास्त. ज्या नमुन्यातून कुणीही विणलं तरी गोंडसच निघणार, तिथे गोंडसपणा हे गुणवत्तेचं माप होऊ शकत नाही.

मग माप कोणतं? रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या 1974 च्या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांची मांडणी केली. एका टोकाला कला जगण्याशी बांधलेली, दुसऱ्या टोकाला स्वतःपुरती स्वयंपूर्ण. खेळणं काचेच्या कपाटात ठेवलं की ते दुसऱ्या टोकाकडे सरकतं, आणि माझ्या मते तिथे ते खेळणं उरत नाही. खेळण्याचं माप मुलाच्या हातात आहे. डॉनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं मुलाच्या जिवाभावाच्या वस्तूबद्दल 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात लिहिलं आहे. मूल त्या वस्तूला कवटाळतं आणि तिचे हालही करतं. ती मळते, तिला वास येतो, तरी आई ती धूत नाही. धुतली तर मुलाच्या अनुभवाची सलगता तुटेल, हे तिला कळतं. म्हणजे खेळण्याची परीक्षा फोटोत होत नाही. चावलं जाणं, ओढलं जाणं, अंथरुणात दाबलं जाणं यात ते टिकलं पाहिजे.

ही परीक्षा आपल्या भागात जरा कडकच आहे. कारण आपला पाऊस. चार महिने इथे चादरी वाळत नाहीत. कधीतरी लोकरीचा ससा धुवावाच लागतो, आणि आत कापूस ठासून भरला असेल तर तो गोळा होतो, दिवसचे दिवस आत ओल धरतो, मग कुबट वास. पॉलिस्टरचं भरण हलकं राहतं आणि लवकर वाळतं. इथे एक गंमत आहे. 'हातानं केलेलं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी नैसर्गिक येतं. पण ज्याला आपण लोकर म्हणतो ती बहुधा अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलाचं अपत्य. आणि पॉलिस्टर तर आपल्या शेजारचंच. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सच्या कारखान्यात 1982 पासून पॉलिस्टरचा धागा निघू लागला. प्लॅस्टिकचं खेळणं वाईट आणि विणलेलं चांगलं, अशी सोपी वाटणी करू नका. पदार्थ तोच असू शकतो. वेगळी असते ती त्याच्यामागची नजर.

ती नजर डोळ्यांच्या बाबतीत सर्वांत आधी तपासावी. या खेळण्यांना प्लॅस्टिकचे डोळे लावतात, मागून चकती दाबून घट्ट केलेले. दुकानात ते 'सेफ्टी' या नावानं मिळतात. पण विणलेलं कापड ताणतं. मुलानं डोळा दातात धरून ओढला की टाक्यांचं भोक मोठं होतं आणि डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे दोऱ्यानंच भरावेत. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, नाहीतर मोठ्या कारखान्यांपुढे हातकाम टिकलं नसतं. पण सूट कायद्यापुरती असते. जिथे सरकारी तपासणी नाही, तिथे करणारीची आणि घेणाऱ्याची पारख हीच तपासणी.

आता प्राण्यांबद्दल. नमुने परदेशातून येतात, म्हणून घराघरांत पांडा, युनिकॉर्न आणि ऑक्टोपस. 'आपले प्राणी विणा' असा उपदेश मी करणार नाही. कर्जतच्या मुलालाही ऑक्टोपसवर हक्क आहे. माझा आक्षेप न बघता विणण्याला आहे. सहा पायांचे लोकरीचे खेकडे मी पाहिले आहेत. आपल्याकडे पहिल्या पावसात वाडीवरचं कुठलंही मूल सांगेल की खेकड्याला दोन नांग्या आणि आठ पाय असतात. त्याची पाठ लांबीपेक्षा रुंद असते, म्हणून ती कडीपासून सुरू न करता साखळीपासून, लंबगोल सुरू करावी लागते. किंवा आपलं शेकरू घ्या. भीमाशंकरच्या जंगलातलं, राज्याचा प्राणी. त्याचं शेपूट अंगाएवढं किंवा त्याहून लांब. ते गच्च भरलं तर प्राणी मागे पडतो, अगदी रिकामं ठेवलं तर चिंधी लोंबते. कुणी हे विणायला घेतलं तर तयार आकडे तिच्या मदतीला येणार नाहीत. तिला प्राणी बघावा लागेल, उसवावं लागेल, पुन्हा विणावं लागेल. कॉलिंगवूड ज्याला कला म्हणतो तिची सुरुवात या उसवण्यापाशी होते, असं मला वाटतं.

एक शंका मनात येत असेल. 'बाई, हे मायेनं केलेलं काम आहे. त्याला कसली समीक्षा लावता?' मायेबद्दल मला आदर आहे. पण या शब्दाचा उपयोग कसा होतो ते बघा. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. 1982 मध्ये तो पुस्तकरूपानं आला. तिथेही क्रोशाच. मिशनऱ्यांनी शिकवलेला, घरात बसून केलेला, आणि माल परदेशी जाणारा. बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. त्या गृहिणी, आणि विणणं हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. व्यापार पुरुषांच्या हातात. काम घरात होतं, म्हणून ते काम नाही, असा तो हिशेब होता.

आपला हिशेब वेगळा आहे का? समजा, एक ससा चारशे रुपयांना विकला. लोकर, भरण, डोळे यांचे शंभर गेले. तीनशे उरले. कान-पाय विणणं, भरणं, जोडणं धरून सहा तास लागले असतील तर तासाला पन्नास रुपये. आणि त्यावरही गिऱ्हाईक म्हणतं, 'एवढ्याशा सशाला चारशे?' त्याला ससा एवढासा दिसतो, कारण डोक्यातले 432 टाके त्याला दिसत नाहीत. हेच गिऱ्हाईक साडी घेताना काठ उलटून बघतं, तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरतं. तिथे पारख आहे, म्हणून किमतीबद्दल बोलणंही होतं. सशापुढे मात्र आधी कौतुक आणि मग घासाघीस.

नातवासाठी, भाचीसाठी विणलेल्या सशाची किंमत लावा, असं मी म्हणत नाही. ते देणं आहे, ते तसंच राहू दे. पण देणाऱ्या हातालासुद्धा नुसत्या 'गोड' या शब्दापेक्षा जास्त काही कळण्याचा हक्क आहे.

म्हणून एक विनंती करून थांबते. पुढच्या वेळी असं खेळणं हातात आलं की ते उलटंसुलटं करा. डोळा ओढून बघा. टाक्यांच्या फटीतून आतलं भरण दिसतंय का पहा. ते स्वतःच्या बुडावर बसतंय का पहा. किती तास लागले, कुठे उसवावं लागलं, हे विचारा. आणि एखादा पाय वाकडा बसला असेल तर तेही सांगा. करणारीला राग येईल अशी भीती बाळगू नका. बहुतेक वेळा ती म्हणते, 'हो ना, तो पाय मलाही खटकतोय.' आणि मग ती त्या पायाबद्दल तुमच्याशी दहा मिनिटं बोलते.