सुलभता बटणांची की प्रयोगाची?

संगणकावरील परस्परसंवादी प्रयोग सर्वांसाठी खुला आहे, असे केव्हा म्हणावे? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ साली संकेतस्थळांच्या सुलभतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८ च्या आवृत्तीत त्यांची मांडणी चार कसोट्यांवर झाली: आशय जाणवावा, वापरता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर चालावा. या कसोट्या आवश्यक आहेतच. विज्ञानशिक्षणाला मात्र त्या पुऱ्या पडत नाहीत. 'फेट' प्रकल्पातील फुगे आणि स्थितिक विद्युत या प्रयोगावरून हे तपासून पाहू.

नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. या प्रयोगात पडद्यावरचा फुगा स्वेटरवर घासायचा आणि भिंतीजवळ न्यायचा. ज्याला माऊस धरणे जमत नाही, त्याला फुगा कळफलकाने हलवता येतो. धन व ऋण प्रभारांचे रंग वेगळे आहेत, शिवाय त्यांवर + आणि − ही चिन्हेही आहेत. त्यामुळे रंगांध विद्यार्थी अडत नाही. निष्कर्षासाठी आवाजाची गरज नाही, म्हणून कर्णबधिर विद्यार्थीही मागे राहत नाही.

खरी परीक्षा दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत होते. डोळ्यांना फुगा, स्वेटर आणि भिंत एकदम दिसतात. शब्द मात्र एकामागून एकच ऐकू येतात. सगळेच सांगत बसले तर ऐकणारा गोंधळतो. म्हणून येथे कृतीनंतर काय बदलले, त्यावर वर्णनाचा भर आहे. ते स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे.

तरीही एक उणीव राहते. प्रभारित फुगा भिंतीजवळ आणला, की भिंतीतील ऋण प्रभार दूर सरकतात, धन प्रभार जागीच राहतात. डोळस विद्यार्थ्याला हे स्वतः हेरावे लागते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते वर्णनातून आयते मिळते. म्हणजे निरीक्षणाचे काम वर्णन लिहिणाऱ्याने आधीच उरकलेले असते. बटणांना नावे आहेत की नाहीत, एवढेच पाहणाऱ्या यांत्रिक तपासणीत हा दोष सापडणार नाही.

शिक्षकांनी असा प्रयोग निवडताना पडदा झाकावा, माऊस बाजूला ठेवावा आणि एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर घेऊन तो स्वतः करून पाहावा. वर्णन कोणत्या भाषेत ऐकू येते, हेही तपासावे. वर्गात फुगा भिंतीकडे नेण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज घ्यावा. अखेरचा निर्णय मात्र दृष्टिहीन विद्यार्थ्यांबरोबर बसूनच करावा. त्याने अंदाज बांधला का, तो चुकला तर का चुकला हे त्याचे त्याला उमगले का, हे पाहावे. तसे झाले नसेल, तर त्याने प्रयोग केला नाही, केवळ ऐकला.