‘वादेरे’ : चाल की नुसते जाणे?

हेन्रिक शेन्केविच यांच्या १८९६ सालच्या कादंबरीमुळे ‘क्वो वादिस’ ही दोन लॅटिन पदे जगभर पोहोचली. अर्थ सोपा : ‘कुठे जातोस?’ मात्र वर्गात ती समजावताना मी अनेक वर्षे सांगत आलो की, साध्या जाण्यासाठी ‘ईरे’ हे क्रियापद असताना येथे मुद्दाम ‘वादेरे’ योजले आहे; त्यात संकटाला सामोरे जाणाऱ्याचा निर्धार आहे. हे विधान आज मला मागे घ्यायचे आहे.

ते अगदीच निराधार नव्हते. अभिजात लॅटिनमध्ये ‘वादेरे’ला जोर आहेच. लिव्हीच्या रोमच्या इतिहासात, दुसऱ्या ग्रंथात, शत्रू अंगावर येत असताना होराशियस कोक्लेस पुलाच्या तोंडाशी जातो, तेथे हेच क्रियापद येते. ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग लागून झालेले ‘इन्वादेरे’ म्हणजे तर चाल करून जाणे, आक्रमण करणे.

पण कादंबरीतल्या दंतकथेआधी हा प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, पेत्र येशूला विचारतो. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस सुधारलेल्या लॅटिन पाठात तो याच शब्दांत आहे. तोवर भाषा बदलली होती. ‘ईरे’ची रूपे फार तोकडी : ‘तो जातो’ म्हणजे ‘इत्’, ‘जा’ म्हणजे नुसते ‘ई’. बोलण्यात ती टिकेनात. त्यांची जागा ‘वादेरे’ने घेतली. लॅटिन बायबलात ‘जा’ या आज्ञेसाठी बहुधा ‘वादे’च येते. मूळ ग्रीक पाठातले ‘हिपागो’ हे क्रियापदही साध्या जाण्याचेच आहे.

फ्रेंचमध्ये या दोन्ही क्रियापदांचे अवशेष एकत्र नांदतात : ‘मी जातो’चे रूप ‘वादेरे’पासून, ‘मी जाईन’चे ‘ईरे’पासून. आपल्याकडेही ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेला’ ‘गम्’चा. म्हणून ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत दोन निरनिराळ्या चाली कोणी ऐकत नाही.

माझी चूक तीच होती. शब्दाचा पूर्वेतिहास मी वाक्याचा अर्थ म्हणून वाचला आणि प्रसंगाकडे पाहिलेच नाही. मी जातो तेथे तुम्हाला येता येणार नाही, असे गुरूने नुकतेच सांगितले आहे. मागे राहणाऱ्या शिष्याला जाण्याची रीत नको आहे, ठिकाण हवे आहे. प्रश्नाचे वजन ‘वादिस’वर नाही, ‘क्वो’वर आहे.