पितृवत नेतृत्व : लाभ, मर्यादा आणि चिकित्सा

प्रस्तावना

'मायबाप' हा शब्द आपण सरकारलाही लावतो आणि मालकालाही. त्यात आदर आहे, आर्जव आहे आणि एक गृहीतही आहे : वरचा माणूस आपले भले जाणतो, म्हणून निर्णय त्यानेच घ्यावा. व्यवस्थापनशास्त्रात या संबंधाला पितृवत नेतृत्व म्हणतात. फार्ह आणि चेंग यांनी २००० साली त्याची तीन अंगे सांगितली : अधिकारशाही, वात्सल्य आणि नैतिक आचरण. परीक्षेसाठी आपण त्याचे फायदे एका रकान्यात आणि तोटे दुसऱ्या रकान्यात लिहितो. ही विभागणी कितपत टिकते, ते पाहू.

जमशेदपूरचे उदाहरण

टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा कामाचा दिवस, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत, १९२० मध्ये भरपगारी रजा व भविष्य निर्वाह निधी आणि १९२८ मध्ये प्रसूतिलाभ सुरू झाला. भविष्य निर्वाह निधीचा केंद्रीय कायदा १९५२ चा आणि प्रसूतिलाभाचा १९६१ चा, हे लक्षात घेतले म्हणजे या पुढाकाराचे मोल कळते. कायद्याची वाट न पाहता कामगाराच्या आयुष्याचा विचार होणे, हा या नेतृत्वाचा सर्वांत मोठा लाभ. त्यातून निष्ठा वाढते, अनुभवी माणसे टिकतात आणि अडचणीच्या वेळी आधार मिळतो.

परंतु त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. १९२८ च्या संपात सुभाषचंद्र बोस यांनी कामगार संघटनेचे नेतृत्व केले. ज्या वर्षी निर्वाह निधी आला त्याच वर्षी संपही झाला, याकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. पण कामगारांना सवलतींखेरीज वेतनाविषयी आणि नोकरीच्या शाश्वतीविषयी बोलण्याचा अधिकार हवा होता.

पुलमनचे उदाहरण

दुसरे टोक अमेरिकेत दिसते. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० पासून शिकागोजवळ कामगारांसाठी टुमदार नगर वसवले. १८९३ च्या मंदीनंतर त्यांनी वेतन कापले, घरभाडे मात्र तेच ठेवले. १८९४ मध्ये संप पेटला. मालक आणि घरमालक एकच असला की नोकरीबरोबर छप्परही जाण्याची भीती असते. आधार देणारा हातच गळा आवळू शकतो, तो असा.

भारतीय प्रतिमान आणि त्यातील उणीव

जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेले 'पोषक-कार्यनिष्ठ नेतृत्व' हे प्रतिमान येथे महत्त्वाचे आहे. भारतीय कर्मचाऱ्याला वरिष्ठाशी वैयक्तिक जिव्हाळा हवा असतो, हे ते मान्य करतात. मात्र ही माया कामाशी बांधलेली असावी आणि कर्मचारी तयार होत जाईल तसतशी नेत्याने सहभागी शैली स्वीकारावी, असे ते सुचवतात. आश्रितपणा हा मुक्काम न मानता टप्पा मानणे, ही या प्रतिमानाची ताकद. उणीव एवढीच, की कर्मचारी 'तयार' झाला हे ठरवतो कोण? पुन्हा नेताच. आणि मुले मोठी झाली हे बापाला बहुधा सर्वांत उशिरा कळते.

मूल्यमापन

आता दोन रकान्यांकडे परत या. निष्ठा आणि भिडेपोटी आलेले मौन, संरक्षण आणि परावलंबन, आपुलकी आणि मर्जीतल्यांना झुकते माप : या जोड्या एकाच मुळातून येतात. म्हणून तोटे वगळून फायदे घेता येत नाहीत. त्यांना वेसण मात्र घालता येते.

त्यासाठी तीन प्रश्न विचारा. मिळणारी सवलत लेखी नियमात आहे, की साहेबांच्या मनावर आहे? नकार मिळाल्यास दाद मागायला दुसरी जागा आहे का? मतभेद व्यक्त करणाऱ्यालाही तीच माया मिळते का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर वात्सल्याचे रूपांतर हक्कात झाले आहे.

समारोप

'आपण सारे एक कुटुंब आहोत' असे आजही अनेक कार्यालयांत सांगितले जाते. कुटुंबातून कोणाला कपातीची नोटीस येत नाही. नोकरीत ती येऊ शकते. हा फरक लक्षात ठेवून जिव्हाळा स्वीकारावा, आणि पुढे तुम्ही वरिष्ठ झालात तर तो द्यावाही.

स्वाध्याय : तुमच्या परिचयाच्या एखाद्या संस्थेला वरील तीन प्रश्न लावा आणि निष्कर्ष कारणांसह लिहा.